केबलची मेगर टेस्ट

केबल टाकून झाली की तिचं इन्सुलेशन धड आहे का, ओढताना कुठे सोललं नाही ना, ओल शिरली नाही ना हे बघायची जी टेस्ट असते तिचं पूर्ण नाव इन्सुलेशन रेझिस्टन्स टेस्ट, पण साइटवर एवढं लांबलचक कोणी बोलत नाही, "मेगर मारला का?" एवढंच विचारतात; मेगर म्हणजे हे इन्सुलेशन मोजायचं मीटर. साधा मल्टीमीटर इथे उपयोगाचा नाही, तो बॅटरीच्या थोड्याशा व्होल्टेजवर मोजतो आणि तेवढ्यात कच्चं इन्सुलेशन उघडं पडत नाही. मेगर डीसी व्होल्टेज देतो, घरगुती २३०/४०० व्होल्टच्या वायरिंगला ५०० व्होल्ट.

आधी सप्लाय बंद करून लॉक करायचा, लाइन खरंच मेलीय ना हे टेस्टरने बघायचं, मग केबलची दोन्ही टोकं मोकळी करायची. एलईडी ड्रायव्हर, डिमर, सर्ज प्रोटेक्टर असलं काही जोडलेलं राहिलं तर एकतर ते उडतं नाहीतर रीडिंग चुकीचं येतं. मग फेज-फेज, फेज-न्यूट्रल आणि प्रत्येकाचं अर्थिंगच्या वायरशी, असं साधारण एकेक मिनिट.

आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डप्रमाणे या वायरिंगला किमान १ मेगाओहम (दहा लाख ओहम) रेझिस्टन्स लागतो. पण नव्या कोऱ्या केबलला २ मेगाओहम आला तर कागदावर पास असली तरी काहीतरी गडबड आहे असंच धरावं, कारण तिथे शेकडो मेगाओहम यायला हवेत. लांबीही बघावी लागते, १०० मीटरला ५०० मेगाओहम असेल तर तशाच १ किलोमीटरला ५० च येणार. आणि तापमान १० डिग्रीने वाढलं की रीडिंग अंदाजे निम्म्यावर येतं, म्हणून एका आकड्यापेक्षा मागच्या रीडिंगशी तुलना जास्त कामाची.

आता खरी मेख. खिळ्याने इन्सुलेशन फाटलंय पण जागा कोरडी आहे आणि तांबं कशाला टेकलेलं नाही, तर मेगर बिनधास्त इन्फिनिटी (मोजता येणार नाही इतका जास्त रेझिस्टन्स) दाखवतो, कारण मधली हवाच इन्सुलेशनचं काम करते आणि १ मिलिमीटर हवा फोडायला ढोबळमानाने ३००० व्होल्ट लागतात! तीच जागा पावसाळ्यात ओली झाली की ट्रिपिंग सुरू. म्हणजे नापास केबल खराबच समजा, पण पास झालेली चांगलीच असेल असं नाही.

हाय व्होल्टेज केबलला म्हणूनच मेगरवर थांबत नाहीत. पूर्वी तिथे डीसी हायपॉट (खूप जास्त डीसी व्होल्टेज देऊन केलेली टेस्ट) मारायचे, पण जुन्या एक्सएलपीई (एका प्रकारच्या प्लास्टिक इन्सुलेशनच्या) केबलमध्ये त्याने चार्ज अडकून राहतो आणि नंतर चालू केल्यावर बरी केबल फुटू शकते, त्यामुळे आता ०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अगदी कमी फ्रीक्वेन्सीच्या एसीची) टेस्ट, जोडीला टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये किती ऊर्जा वाया जाते ते बघणारी) आणि पार्शल डिस्चार्ज (इन्सुलेशनच्या आत होणाऱ्या बारीक ठिणग्या पकडणारी) टेस्ट. बाहेरच्या शीथची (केबलवरच्या आवरणाची) टेस्ट वेगळी असते, जमिनीत पुरताना फावडं-दगड लागलेला बहुतेक तिथेच कळतो.

लांब केबल टेस्टनंतरही चार्ज धरून बसते, त्यामुळे अर्थिंगला जोडून पूर्ण डिस्चार्ज होईपर्यंत टोकाला हात लावायचा नाही.