केंद्राच्या खात्याविरुद्ध तक्रार आणि कलम ‘7-ब’चा घोळ

फोन, टपाल, रेल्वे किंवा भविष्य निर्वाह निधी यांपैकी कोणाविरुद्धही नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार लावा, सामनेवाल्याच्या कैफियतीतला पहिला मुद्दा ठरलेला असतो: ही तक्रार चालवण्याचा या आयोगाला अधिकारच नाही.

तक्रारदाराला वाटते, आयोग राज्याचा आणि खाते दिल्लीचे, म्हणून असे म्हणत असतील. ‘राज्य आयोग’ या नावाने हा समज आणखी पक्का केला. राज्य सरकार आयोगाला जागा देते, कर्मचारी देते, पण आयोग चालतो तो संसदेच्या कायद्यावर. आधी 1986 चा होता, 20 जुलै 2020 पासून 2019 चा लागू आहे. केंद्राचे खाते आहे म्हणून सरसकट सूट दोन्हींत नाही. 1993 मध्ये एका विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्याने स्थापन झालेली संस्था सेवा देते तेव्हा तीही ग्राहक कायद्याखाली येते. 1999 मध्ये भविष्य निर्वाह निधीचा सभासद ग्राहक ठरला. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट होती.

खरी अडचण होती ‘खास कायदा’ या युक्तिवादाची. खात्याच्या स्वतःच्या कायद्यात वेगळी दाद दिली असेल, तर ग्राहकाचे दार बंद होते का? सगळ्यात जास्त घोळ झाला तो टेलिफोनचा.

टेलिफोनलाही लागू असलेल्या 1885 च्या तार कायद्यात 7-ब नावाचे एक कलम होते. तारेची लाइन, उपकरण किंवा यंत्र यांवरून ‘तार प्राधिकारी’ (म्हणजे सरकारचे तार खाते) आणि ग्राहक यांच्यात वाद झाला तर तो केंद्र सरकारने नेमलेल्या लवादाकडे जाईल, असे त्यात म्हटले होते. फोनचे बिल हा लाइनचा वाद आहे का, हे शब्द वाचून कोणालाही पटकन सांगता येणार नाही. तरीही सप्टेंबर 2009 मध्ये केरळमधल्या एका तोडलेल्या टेलिफोनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की खास कायदा सामान्य कायद्याच्या वर असतो, त्यामुळे ग्राहक मंचाला (जिल्हा आयोगाचे तेव्हाचे नाव) अधिकार नाही. निकाल जेमतेम काही परिच्छेदांचा. ग्राहक कायद्याच्या कलम 3 मध्ये स्पष्ट लिहिले होते की या तरतुदी इतर कायद्यांना पूरक आहेत, त्यांना कमी करणाऱ्या नाहीत. 1997 च्या दूरसंचार नियामक कायद्यानेही वैयक्तिक ग्राहकाची तक्रार मंचासाठीच राखून ठेवली होती. माझ्या मते, या दोन्ही गोष्टींकडे नीट पाहिले असते तर पुढची बारा वर्षे वाचली असती.

त्या वर्षांत झाले काय, तर दोनशे-तीनशे रुपयांच्या वादासाठी माणसाला लवाद मागा म्हणून सांगितले जाई. लँडलाइन महिनोन्‌महिने मुकी, भाड्याचे बिल मात्र वेळेवर. मंचात गेले की 2009 चा निकाल पुढे. खासगी मोबाइल कंपन्याही तोच निकाल दाखवू लागल्या. त्या ‘तार प्राधिकारी’ कधी झाल्या, हे त्यांनाच ठाऊक. गंमत म्हणजे जुलै 2013 मध्ये देशातली तारसेवाच बंद झाली, कलम मात्र मोबाइलच्या बिलांना आडवे येतच राहिले.

हा तिढा फेब्रुवारी 2022 मध्ये सुटला. अहमदाबादच्या एका ग्राहकाचा 249 रुपये मासिक भाड्याचा प्लॅन होता आणि एका महिन्याचे बिल आले चोवीस हजारांच्या वर. तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2009 चा निकाल बरोबर नव्हता असे म्हटले. लवाद ही वेगळी वाट आहे, तिच्यामुळे ग्राहकाची वाट बुजत नाही.

टपाल आणि रेल्वेची कथा तितकी सुटसुटीत नाही. 1898 च्या टपाल कायद्याचे कलम 6 हरवलेल्या, उशिरा पोहोचलेल्या टपालाबद्दल सरकारला जबाबदारीतून मोकळे करत असे. कर्मचाऱ्याने कपट केले किंवा जाणूनबुजून कुचराई केली, तरच त्याच्यावर जबाबदारी. जून 2024 पासून नवा टपाल कायदा लागू आहे, ढाल मात्र जवळपास तीच आहे. इथे आयोगाकडे जाता येते, पण हाती काही लागेलच असे नाही.

रेल्वेत माल आणि प्रवासी यांची वाट वेगळी. लासलगावहून रेल्वेने पाठवलेला कांदा वाटेत सडला, तर 1987 च्या कायद्याने नेमलेल्या रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे जावे लागते, आयोगाकडे नाही. तिकिटाच्या परताव्याचेही तेच. गाडी उशिरा आली, तर मात्र आयोग. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उशिराचे कारण रेल्वेने सिद्ध करावे, नाहीतर भरपाई द्यावी. नाशिक-मुंबई ‘पंचवटी’ एक्स्प्रेसच्या पासधारकांनी हे वाचून नुसते हसायचे की कागद जमवायला लागायचे, ते त्यांनी ठरवावे. 2023 मध्ये याच न्यायालयाने प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या पैशांची चोरी ही सेवेतली कमतरता नाही असे ठरवले.

2019 च्या कायद्याने एक गोष्ट नाशिककरांसाठी खरोखर सोपी केली, तिची चर्चा कमी होते. पूर्वी सामनेवाल्याचे कार्यालय किंवा तक्रारीचे कारण इथे घडल्याचे दाखवावे लागे. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही तक्रार दाखल करता येते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. कारण घडल्यापासून मुदत मात्र दोनच वर्षांची.