दीड किलोओहमची हाक

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. "अरे, दुकानात दाखवली. ते म्हणतात डिस्क गेली. फोटो काढून द्यायचे बारा हजार होतील, आणि मिळतीलच असंही नाही." तिच्या त्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये मुलीच्या लग्नाचे आणि काकांच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो आहेत. मी लक्षणं विचारली. लावली की दिवा लागतो, आत काहीतरी फिरू लागतं, कट्‌कट् आवाज येतो, कॉम्प्युटर 'टिंग' करतो आणि मग शांत. थोड्या वेळाने पुन्हा टिंग.

"मावशी, तू ती लावतेस कुठे?"

"पुढे, कॅबिनेटला. टेबलापर्यंत वायर पोचत नाही, म्हणून मध्ये एक लांब वायर जोडलीये."

ती मधली वायर काढायला सांगितली आणि डिस्क कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावायला लावली. फोटो दिसले. मावशीने मला जादूगार ठरवलं, पण यात जादू कुठेच नाही. यूएसबीचं कुठलंही उपकरण लावल्यावर पहिल्या एक-दोन सेकंदांत एक ठरलेली बोलाचाली होते. ती कुठल्या वाक्यावर तुटली हे कळलं, की बिघाड कुठे आहे तेही बहुतेक वेळा कळतं. ही बोलाचाली मला इतकी सुंदर वाटते की आज तीच सांगायची आहे.

नेहमीच्या चौकोनी यूएसबी प्लगमध्ये डोकावून बघा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन वीज नेतात, मधल्या दोन माहिती. कडेच्या पट्ट्या किंचित लांब असतात, म्हणजे प्लग आत सरकवताना आधी वीज पोचते आणि माहितीच्या तारा नंतर जुळतात. उपकरण जागं होतं, मग बोलतं. कॉम्प्युटर चालू असताना काहीही लावता-काढता यावं यासाठी ही सोय १९९६ सालच्या पहिल्या यूएसबीपासून आहे. यूएसबी घडवणाऱ्यांत इंटेलमधले अजय भट्ट अग्रभागी होते. त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातलं.

आता माझा आवडता भाग. पोर्ट रिकामा असतो तेव्हा कॉम्प्युटरने माहितीच्या दोन्ही तारा १५ किलोओहमच्या रोधातून (रोध म्हणजे वीज अडवणारा छोटा भाग, त्याची अडवणूक ओहममध्ये मोजतात) जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, बांधून ठेवलेल्या असतात. दोन्ही तारा शून्यावर म्हणजे घरात कुणी नाही. उपकरणाच्या आत दीड किलोओहमचा एक छोटा रोध असतो, तो यातली एक तार ३.३ व्होल्टकडे ओढतो. शाळेतलं गणित करा: ३.३ गुणिले १५, भागिले १६.५ (म्हणजे १५ अधिक दीड). उत्तर बरोबर ३ व्होल्ट. एक तार शून्यावरून ३ व्होल्टला चढली की कॉम्प्युटरला कळतं, दारात कुणीतरी उभं आहे.

गंमत पुढे आहे. 'डी प्लस' नावाची तार वर ओढली गेली तर उपकरण सेकंदाला १.२ कोटी बिट्सच्या वेगाचं, 'डी मायनस' ओढली गेली तर १५ लाख बिट्सच्या वेगाचं. साध्या माऊस-कीबोर्डमध्ये बहुधा दुसरा प्रकार असतो. एक अक्षरही न बोलता, काही पैशांच्या रोधाने, केवळ कुठल्या तारेला लावला यावरून वेग सांगून टाकला!

मग कॉम्प्युटर किमान १०० मिलिसेकंद थांबतो, कारण प्लग घुसताना पट्ट्या थरथरतात. त्यानंतर तो दोन्ही तारा किमान १० मिलिसेकंद शून्यावर धरतो. अर्थ असा, की मागचं सगळं विसर, नव्याने सुरुवात. पेनड्राइव्हसारखं सेकंदाला ४८ कोटी बिट्सचं उपकरण आधी १.२ कोटीवालं असल्यासारखं दारात येतं आणि याच शांततेत एक चिवचिव करून 'मला याहून जोरात धावता येतं' असं सुचवतं. पोर्टलाही ते जमत असेल तर तो उलटसुलट चिवचिवीने उत्तर देतो. जमलं की उपकरण तो दीड किलोओहमचा रोधच सोडून देतं.

पण रोध सुटला तर पुढे पेनड्राइव्ह उपटला हे कळणार कसं? वर ओढलेली तार आता नाहीच. उत्तर प्रतिध्वनीत आहे. या वेगाला दोन्ही टोकांना ४५ ओहमचे रोध असतात, ते येणारी लहर शोषून घेतात. पोर्ट सेकंदाला ८,००० वेळा एक छोटा ठोका पाठवतो आणि त्याचं शेपूट मुद्दाम लांबवतो. पलीकडे उपकरण असेल तर लहर तिथे मुरते. नसेल तर ती उघड्या टोकावर आपटून परत येते, मूळ लहरीत मिसळते आणि सुमारे ४०० मिलिव्होल्टच्या जागी ८०० दिसतात. सामान हलवलेल्या खोलीत आपलाच आवाज घुमतो ना, तसं. पोर्ट तो घुमारा ऐकतो आणि समजतो, पाहुणे गेले.

आता शब्दांचं बोलणं. नव्या उपकरणाला पत्ता नसतो, त्याचा क्रमांक शून्य. कॉम्प्युटर शून्य क्रमांकाला विचारतो, तू कोण? उपकरण १८ बाइट्सचा परिचय देतं. त्यात बनवणाऱ्याचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक असतो. दोन नवी उपकरणं एकदम शून्यावर असली तर दोघं एकदम बोलतील, म्हणून कॉम्प्युटर एका वेळी एकालाच सामोरा जातो. मग तो १ ते १२७ मधला पत्ता देतो (सात बिट्सचे १२८ क्रमांक होतात, त्यातला शून्य नवागतांसाठी). त्यानंतर उपकरण आपली जात सांगतं, म्हणजे कीबोर्ड, छपाईयंत्र की साठवण, आणि किती वीज लागेल तेही. जुन्या पद्धतीच्या पोर्टवर ही बोलणी होईपर्यंत १०० मिलिअँपिअर आणि मंजुरीनंतर ५०० ही मर्यादा. आणि एक कडक नियम: विचारल्याशिवाय उपकरणाने बोलायचं नाही. माऊस स्वतःहून काहीच कळवत नाही, कॉम्प्युटरच त्याला सेकंदाला शंभरावर वेळा विचारतो, हललास का?

आता बिघाड. दिवा लागतो आणि कॉम्प्युटर गप्प, टिंगही नाही. लोक म्हणतात, दिवा लागला म्हणजे केबल चांगली. दिवा फक्त विजेच्या दोन तारांची साक्ष देतो! स्वस्त चार्जिंग केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात, मग दीड किलोओहमची हाक पोर्टपर्यंत पोचत नाही. ड्राइव्हर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, शोधत बसू नका, केबल बदला.

'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' हा निरोप मात्र मला आशेचा वाटतो. हाक ऐकू आली म्हणून तर तो दिसला, परिचयाचे १८ बाइट्स तेवढे नीट आले नाहीत. दुसरी केबल, दुसरा पोर्ट, मधला हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) काढून थेट जोडणी, या क्रमाने बघा. फक्त रीस्टार्ट करून अनेकदा उपयोग होत नाही, कारण बऱ्याच कॉम्प्युटरांत बंद केल्यावरही पोर्टला वीज मिळत राहते आणि अडकलेलं उपकरण अडकलेलंच राहतं. भिंतीवरचं बटण बंद करून मिनिटभर थांबा.

उपकरण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजच्या उपकरणांच्या यादीत, नावानिशी दिसतं, पण ड्राइव्ह उघडत नाही आणि विंडोज 'फॉर्मॅट करू का' विचारतं, तेव्हा यूएसबीचं काम केव्हाच झालेलं असतं. गोंधळ साठवणीच्या मांडणीत आहे. आतलं काही हवं असेल तर होय म्हणू नका.

बिनतारी माऊस अडखळत असेल तर त्याचा इवलासा रिसीव्हर यूएसबी ३ च्या पोर्टशेजारी आहे का बघा. तिथली वेगवान माहिती २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करते आणि माऊसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर टिपण काढलं होतं. वीतभर एक्स्टेंशनने रिसीव्हर दूर न्या.

आणि मावशीची डिस्क? तबकडी फिरायला लागताना डिस्क एरवीपेक्षा बरीच जास्त वीज मागते. ०.८ अँपिअर धरू. बारीक तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दीड मीटर केबलीत वीज जाते आणि परत येते, म्हणजे तीन मीटर तार, ०.६३ ओहम. गुणाकार केला की अर्धा व्होल्ट वाटेतच गेला. पुढच्या पोर्टपर्यंत जाणारी आतली वायर आणि सांधे आणखी थोडा खातात. ५ व्होल्टची वाट बघणाऱ्या मोटरला साडेचारही धड मिळत नाहीत. ती अडखळते, डिस्क बंद पडते, ओढ संपल्यावर व्होल्टेज सावरतं, डिस्क पुन्हा उठते, टिंग. मात्र छोट्या केबलीने मागच्या पोर्टला लावूनही कट्‌कट् थांबत नसेल तर लगेच काढा आणि पुन्हा पुन्हा लावू नका. तो आवाज खरोखरच बिघडलेल्या डिस्कचाही असू शकतो आणि प्रत्येक प्रयत्न डेटा आणखी घालवतो.

एवढं सगळं कागदावर लिहिलेलं, मोजता येणारं असताना लोकांना कसं फसवलं जातं ते पाहून संताप येतो. २०२० मध्ये ब्रिटनमध्ये '५जी बायोशील्ड' नावाचं यूएसबी उपकरण ३३९ पौंडांना विकलं जात होतं, म्हणे घराला मोबाइल लहरींपासून वाचवतं. पेन टेस्ट पार्टनर्स या सुरक्षा तज्ज्ञांच्या कंपनीने ते उघडून पाहिलं. आत १२८ मेगाबाइटचा साधा पेनड्राइव्ह होता. कॉम्प्युटरला लावला तर तो आपण साठवण असल्याचं सांगतो, दुसरं काहीच सांगत नाही. आपल्याकडेही मोबाइलच्या मागे चिकटवायचे 'किरणोत्सार शोषक' स्टिकर खपतात. विकणाऱ्याला एकच विचारा: ते शोषल्याचं कुठल्या यंत्रावर, किती दिसलं?

त्या रात्री मावशीला डिस्कमधलं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावलं. पहाटे तिने कॉपी पूर्ण झाल्याचा फोटो पाठवला, आणि खाली काकांचा एक, हातात फुलबाजी धरलेला.