मेट्रोपॉलिटन ‘ए’ वर्गाची टँक इंजिने

लंडनच्या मेट्रोपॉलिटन या भुयारी रेल्वेसाठी मँचेस्टरच्या बायर, पीकॉक कंपनीने १८६४ पासून बांधलेली वाफेची इंजिने. पुढे चार लहान आणि मागे चार मोठी चाके. मोठ्या चाकांचा व्यास ५ फूट ९ इंच. टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा मागे जोडलेला डबा, नाही; पाणी बॉयलरच्या दोन्ही अंगांना असलेल्या टाक्यांत.

ही रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी सुरू झाली, ती ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या इंजिनांवर. त्याच वर्षी दोन्ही कंपन्यांचे बिनसले आणि ग्रेट वेस्टर्नने आपली गाडी-इंजिने काढून घेतली. काही काळ ग्रेट नॉर्दर्नकडून इंजिने उसनी आणून काम भागवले गेले, मग कंपनीने स्वतःची १८ इंजिने मागवली. त्यांना रोमन व ग्रीक पुराणांतली नावे होती. त्यांतली प्लूटो आणि सर्बेरस, म्हणजे पाताळाचा देव आणि त्याच्या दारावरचा कुत्रा, ही दोन भुयारी इंजिनांना फार शोभतात.

खरे कौशल्य आहे ते वाफ जिरवण्यात. एरवी सिलिंडरमधून सुटलेली वाफ धुरांड्यातून वर जाते आणि जाताना भट्टीतली हवा ओढून विस्तव फुलवते. भुयारात मात्र ड्रायव्हर झडप फिरवी आणि ती वाफ जाड नळ्यांतून बाजूच्या टाक्यांत जाऊन थंड पाण्यात विरे. याची किंमतही होती: ओढ थांबल्याने विस्तव मंदावे आणि टाकीतले पाणी तापत जाई. कढत झालेल्या पाण्यात वाफ जिरत नाही, म्हणून ते सोडून देऊन ताजे भरावे लागे. धूर तर या युक्तीने हटतच नसे. त्यासाठी आधी कोक (भाजून धूर काढून टाकलेला कोळसा), नंतर कमी धुराचा वेल्श कोळसा वापरला गेला. सुरुवातीच्या इंजिनांना बंद केबिन नव्हती, समोर नुसता आडोसा. त्या काजळीत दिवसभर उभे राहणाऱ्या ड्रायव्हर-फायरमनचे हाल या इंजिनाच्या इतिहासात आवर्जून नोंदवले पाहिजेत.

वाफ आणि धूर मोकळे करायला मार्गावर उघडे खड्डे ठेवलेले होते. बेझवॉटरमधल्या लेन्स्टर गार्डन्समध्ये असा खड्डा झाकायला २३ आणि २४ क्रमांकांच्या घरांच्या जागी नुसती दर्शनी भिंत उभारली. ती आजही आहे. जवळ गेल्यावर कळते की खिडक्या रंगवलेल्या आहेत.

‘ए’ वर्गाची ४० आणि थोड्या फरकाची ‘बी’ वर्गाची २६, अशी ६६ इंजिने मेट्रोपॉलिटनकडे आली. शेजारच्या डिस्ट्रिक्ट रेल्वेनेही त्याच नमुन्याची ५४ घेतली. १९०५ मध्ये विजेच्या गाड्या आल्या आणि बहुतेक इंजिने निघाली. १८६६ चे क्रमांक २३ मात्र बकिंगहॅमशायरमधल्या ब्रिल फाट्यावर १९३५ पर्यंत, फाटा बंद होईतो, धावत राहिले. १९४८ मध्ये ते सेवेतून निघाले. आज ते कॉव्हेंट गार्डन येथील लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियममध्ये आहे.