ग्राउंडमधली परतीची वाट

‘वीज कमीत कमी रोधाच्या वाटेने जाते’ हे वाक्य शाळेपासून आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. टॉर्चच्या सेलपुरतं ते चालून जातं. सर्किट बोर्डावर मात्र ते फसवतं, आणि ते कसं फसवतं हे मला एका दोन थरांच्या बोर्डाने शिकवलं.

तापमान मोजणारं साधं सर्किट होतं. सेन्सरचा आकडा अगदी स्थिर यायचा, पण शेजारचा डिस्प्ले चालू झाला की तोच आकडा पाच-सहा अंकांनी वर-खाली व्हायला लागायचा. सेन्सर बदलला, कपॅसिटर वाढवले, कोड दोनदा तपासला. फरक शून्य. दोष होता खालच्या थरात. तिथे ‘नुसतं ग्राउंड’, म्हणजे सगळ्या भागांचं सामायिक शून्य व्होल्टचं तांबं आहे, म्हणून तिकडे नीट पाहिलंच नव्हतं.

असा बोर्ड म्हणजे काचतंतू आणि इपॉक्सीची साधारण 1.6 मिलिमीटर जाडीची पाटी. दोन्ही अंगांना 35 मायक्रॉन जाडीचं तांबं. वरच्या बाजूला सुटे भाग आणि ट्रेस, म्हणजे तांब्याच्या बारीक वाटा. खालच्या बाजूला शक्यतो अखंड तांबं, तेच ग्राउंड प्लेन. पुष्कळांना वाटतं की ग्राउंड म्हणजे मोरी, प्रवाह तिथे गेला की संपला. तसं नसतं. ट्रेसमधून गेलेला प्रत्येक मिलिअँपिअर जिथून निघाला तिथे परत यावाच लागतो. तो कुठून परत येतो, यावर सगळं अवलंबून आहे.

समजा, बोर्डावर इंग्रजी यू अक्षरासारखा ट्रेस आहे. दोन्ही पाय 10 सेंटिमीटर लांब, दोघांत अंतर 2 सेंटिमीटर. खाली अखंड तांबं. एका टोकाने प्रवाह सोडला, दुसऱ्या टोकाला तो रेझिस्टरमधून ग्राउंडमध्ये उतरवला. प्रवाह एकदिश असेल तर परतताना तो बहुतांशी दोन टोकांमधल्या 2 सेंटिमीटरच्या जवळच्या वाटेने येतो. शाळेतलं वाक्य इथे खरं ठरतं. आता तोच प्रवाह सेकंदाला दहा लाख वेळा उलटसुलट करा. जवळची वाट मोकळी असूनही परतीचा प्रवाह ट्रेसच्या बरोबर खालून, तो यू पूर्ण वळसा घालून, 22 सेंटिमीटरची वाट चालत येतो!

का? प्रवाहाभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. प्रवाह बदलला की क्षेत्र बदलतं, आणि बदलतं क्षेत्र त्या बदलालाच विरोध करणारा दाब निर्माण करतं. फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. जाणारा आणि येणारा प्रवाह मिळून जो फास तयार होतो, त्याचं क्षेत्रफळ जितकं मोठं तितका हा विरोध, म्हणजे इंडक्टन्स, मोठा. जवळच्या वाटेने परतलं तर फासाचं क्षेत्रफळ सुमारे 20 चौरस सेंटिमीटर होतं. ट्रेसच्या खालून परतलं तर 22 सेंटिमीटर लांब आणि 1.6 मिलिमीटर उंच अशी एक पट्टी, जेमतेम साडेतीन चौरस सेंटिमीटर. रोध किंचित वाढला तरी विरोध कितीतरी घटला. काही किलोहर्ट्झ ते काही दहा किलोहर्ट्झच्या पुढे रोधापेक्षा हा विरोधच जड होतो आणि प्रवाह वाट बदलतो.

तो ट्रेसखाली किती पसरतो याचंही गणित सुरेख आहे. ट्रेस आणि प्लेनमधल्या अंतराइतकं डावी-उजवीकडे मोजलं की त्यात निम्मा परतीचा प्रवाह येतो. तिप्पट मोजलं की 80 टक्के. दोन थरांच्या बोर्डात हे अंतर 1.6 मिलिमीटर, म्हणजे 80 टक्के प्रवाहाला दोन्ही बाजूंना सुमारे 5-5 मिलिमीटर अखंड तांबं लागतं. चार थरांच्या बोर्डात अंतर बऱ्याचदा 0.2 मिलिमीटर असतं, तिथे हीच पट्टी आठपट अरुंद होते. म्हणून दोन थरांत काम करणाऱ्याने जास्त जपायचं.

‘माझं सर्किट तर हळू चालतं’ ही समजूतही सोडून द्यावी. महत्त्व सिग्नल सेकंदाला किती वेळा बदलतो याला नसून, बदलताना किती झपाट्याने बदलतो याला आहे. सिग्नलच्या 2 नॅनोसेकंदांत चढणाऱ्या कडेत 175 मेगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारता असतात, मग ती कड सेकंदातून एकदाच का येईना. परतीच्या वाटेत चीर (तांबं नसलेली फट) पडून 10 नॅनोहेन्री इंडक्टन्स वाढलं आणि 50 मिलिअँपिअर 2 नॅनोसेकंदांत बदलले, तर ग्राउंडच्याच दोन जागांमध्ये पाव व्होल्टचा फरक पडतो. 5 व्होल्टवर चालणाऱ्या 10 बिटच्या मापकाची (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाची) एक पायरी 5 मिलिव्होल्टचीही नसते.

   

खालच्या थरावर ट्रेस न्यावाच लागला तर तो आखूड ठेवावा, एका वाटेवरून पलीकडे उडी मारण्यापुरता. सिग्नल व्हायामधून, म्हणजे दोन थरांना जोडणाऱ्या भोकातून, खाली उतरला तर शेजारी ग्राउंडचा व्हाया द्यावा. व्हायांची दाट रांग टाळावी, त्यांच्याभोवतीची रिकामी वर्तुळं एकमेकांत मिसळून आपोआप चीर तयार होते. सेन्सरसारख्या अ‍ॅनालॉग आणि डिस्प्लेसारख्या डिजिटल भागांचं ग्राउंड कापून वेगळं करण्याचा मोह तर हमखास होतो. प्लेन एकच ठेवून सुटे भाग वेगवेगळ्या कोपऱ्यांत मांडले की परतीचे प्रवाह आपापल्या ट्रेसखाली राहतात. कापलेल्या प्लेनवरून एक जरी सिग्नल गेला, तरी सगळा फायदा उलटतो.

माझा दोष सापडला तो बोर्ड दिव्यासमोर धरल्यावर. तांबं नसेल तिथून पाटीतून उजेड झिरपतो. खालच्या थरावरच्या एका ट्रेसच्या दोन्ही कडांना 4 सेंटिमीटरच्या दोन उजळ रेषा दिसल्या, आणि डिस्प्लेच्या आठही वाटा त्यांच्यावरून आडव्या गेल्या होत्या. त्यांचा परतीचा प्रवाह त्या ट्रेसच्या टोकाला वळसा घालून थेट सेन्सरच्या ग्राउंडजवळून जात होता. तांब्यावरचा हिरवा लेप खरवडून, त्या ट्रेसच्या अलीकडचं आणि पलीकडचं ग्राउंड जोडणारे तांब्याच्या तारेचे तीन आखूड तुकडे, ट्रेसला न टेकवता, डिस्प्लेच्या वाटांच्या बरोबर खाली सोल्डर केले. डिस्प्ले चालू केला. आकडा हलला नाही.