कर्णावतीची राखी, हुमायूनची धाव: खरं किती?

राखी पौर्णिमा जवळ आली की मोबाइलवर ही गोष्ट हमखास येते: गुजरातच्या बहादूरशहाने चितोडला वेढा घातला, राणी कर्णावतीने हुमायूनला राखी धाडली आणि तो बहिणीसाठी धावून आला.

धावला वगैरे काही नाही. मार्च १५३५मध्ये चितोड पडलं, राणीने जोहार केला. हुमायून तेव्हा फौज घेऊन माळव्यापर्यंत आला होता, पण वेढा उठवायला गेला नाही. बहादूरशहाशी त्याचं वाकडं होतं ते वेगळ्याच कारणाने. हुमायूनविरुद्ध बंड करून पळालेल्या मुहम्मद जमान मिर्झाला बहादूरशहाने आसरा दिला होता. हा मिर्झा म्हणजे हुमायूनच्या सावत्र बहिणीचा नवरा. बहीण प्रकरणात होती, पण ती ही! दोन्ही फौजा मंदसोरला समोरासमोर आल्या त्या चितोड पडल्यावर.

मग राखी आली कुठून? त्या काळच्या मुघल बखरकारांनी तिचा उल्लेखही केलेला नाही. ती गाजली जेम्स टॉड या इंग्रज अधिकाऱ्याच्या १८२९च्या राजस्थानवरील ग्रंथामुळे. भाटांच्या कथांवर त्याची फार भिस्त. त्याच्या मते हुमायून बंगालची मोहीम सोडून आला. हुमायून बंगालमध्ये पोचला १५३८ साली!