जागतिक अजिंक्यपद व्हॉलीबॉल स्पर्धा (पुरुष)

पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची सर्वांत जुनी जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा. आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल महासंघ १९४७ मध्ये पॅरिस येथे स्थापन झाला व त्याने १९४९ मध्ये प्राग येथे ती प्रथम भरवली. त्या वेळचे दहाही संघ युरोपीय होते. सोव्हिएत संघ विजेता ठरला. पुढे बराच काळ स्पर्धा चार वर्षांनी होत असे. २०२५ पासून ती दर दोन वर्षांनी होते.

भारत १९५२ मध्ये मॉस्को येथे उतरला आणि अकरा संघांत आठवा आला. या कामगिरीचे मोल ठरवताना आशियातील तेव्हाची खेळपद्धती ध्यानात घ्यावी लागते. पूर्व आशियात नऊ खेळाडूंचा खेळ रूढ होता. त्यात तीन-तीनच्या तीन रांगा असत आणि खेळाडू जागा बदलत नसत. जागतिक स्पर्धा मात्र सहा खेळाडूंची. सर्व्हिस मिळवताच संघाने घड्याळाच्या दिशेने एक जागा सरकायचे. १९५५ च्या टोकिओ येथील आशियाई स्पर्धेत दोन्ही प्रकार झाले व सहाजणी प्रकारात भारताने विजेतेपद मिळवले. अधिकृत आशियाई अजिंक्यपदाची गणना सामान्यतः १९७५ च्या मेलबर्न स्पर्धेपासून होते, म्हणून १९५५ चे यश काही याद्यांत पूर्वपीठिका म्हणूनच येते. सहाजणी खेळ आशियात रुजण्याच्या ऐन टप्प्यावरचे हे यश असल्याने त्याला मुख्य क्रमात स्थान देणे अधिक न्याय्य वाटते. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांतील रौप्यपदकाने त्या पिढीचे बळ पुन्हा दिसले.

विजेतेपदांत सोव्हिएत संघ (सहा) अग्रभागी असून इटलीने २०२५ मध्ये फिलिपाइन्समध्ये पाचवे पटकावले. पुरुषांसाठी जाळीची उंची २·४३ मी. असते. पंधरा गुणांची, केवळ सर्व्हिस करणाऱ्याला गुण देणारी जुनी पद्धत १९९० च्या दशकाअखेर मागे पडली. लिबेरो, म्हणजे केवळ बचावासाठी असलेला खास खेळाडू, हाही त्याच सुमारास आला.

खान्देशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) व्हॉलीबॉल मुख्यत्वे उघड्या मैदानावर खेळतात. तापी खोऱ्यातील काळी माती पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते; त्यामुळे मुरूम पसरून, पाणी मारून, चोपून मगच फक्कीने रेषा आखतात. एप्रिल-मेमधील ४४-४५ अंशांच्या उन्हामुळे सामने सायंकाळी किंवा दिव्यांच्या उजेडात होतात. जागतिक स्पर्धा बंदिस्त सभागृहातील गुळगुळीत पृष्ठभागावर होते व तेथे अंग झोकून चेंडू उचलणे हा बचावाचा कणाच आहे. मुरमावर तसे केले तर कोपरे-गुडघे सोलवटतात. त्यामुळे इकडचा खेळाडू आधीच योग्य जागी पोहोचून, वाकून चेंडू घेण्यावर भर देतो असे दिसते; हे कौशल्य कमी प्रतीचे नव्हे. गावातील रोजच्या खेळात सहाचा नियमही सैल असतो: जमतील तेवढे दोन बाजूंना वाटले जातात.