रात्री अकराचं जेवण आणि बीटा पेशी

दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं, म्हणजेच दीक्षित की दिवेकर, हा वाद आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही रंगतो. किती वाजता जेवायचं, हे मात्र कुणी विचारत नाही. खरी गंमत तिथेच आहे.

अंधार पडल्यावर मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडू लागते. आपण त्याला झोपेचं संप्रेरक म्हणतो, पण त्याला ओळखणारे ग्राही स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींवरही असतात. मेलाटोनिन तिथे चिकटलं की पेशीतलं सायक्लिक एएमपी घटतं. इन्सुलिन बाहेर सोडायला जोर देणारा हा रेणू. तो कमी झाला की समोर ग्लुकोज असूनही इन्सुलिन बेताचंच सुटतं. रात्रभर उपाशी झोपणाऱ्याला हे सोयीचं, रक्तातली साखर मेंदूसाठी टिकून राहते. पंचाईत होते ती अकरा वाजता आमटी-भात ओरपणाऱ्याची. या ग्राहीचं जनुक ११व्या गुणसूत्रावरचं एमटीएनआर१बी. त्यात एका ठराविक जागी काहींना डीएनएचं सायटोसिन हे ‘अक्षर’ असण्याऐवजी ग्वानिन हे अक्षर असतं. त्यांच्या बीटा पेशींत हे जनुक जास्त सक्रिय, म्हणून इन्सुलिनवरचं दडपणही जास्त.

स्पेनमधल्या ८४५ जणांना झोपेच्या चार तास आधी आणि दुसऱ्या वेळी एक तास आधी ग्लुकोजचं पाणी पाजून हे तपासलं गेलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. उशिराच्या खेपेला मेलाटोनिन साडेतीन पट, इन्सुलिन ६.७ टक्के कमी, साखर ८.३ टक्के जास्त. ग्वानिनवाल्यांत बिघाड अधिक.

‘पूर्वजांना हे ठाऊक होतं’ असे फॉरवर्ड आता येतीलच. जैनांच्या चोविहारामागे, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्यापिण्यामागे, अहिंसेचा विचार आहे. त्याला इन्सुलिनचं प्रमाणपत्र कशाला हवं?

आणि वजन? चीनमधल्या ग्वांगझूमध्ये १३९ स्थूल लोकांनी वर्षभर मोजून कमी खाल्लं. सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खाणाऱ्यांचं वजन सरासरी ८ किलो घटलं, वेळेचं बंधन नसलेल्यांचं ६.३. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. तेव्हा ‘सातच्या आत जेवा, पोट सपाट करा’ छापाच्या जाहिराती सोडून द्या. पण अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या पुरुषांना पाच आठवडे दिवसाचं सगळं खाणं सहा तासांत, रात्रीचं जेवणसुद्धा दुपारी तीनच्या आत दिलं. वजन घटू नये इतकं खायला घालूनही त्यांचं शरीर इन्सुलिनला अधिक दाद देऊ लागलं, रक्तदाबही उतरला. अर्थात प्रयोगात माणसं होती आठ, आणि दुपारी तीनला रात्रीचं जेवण उरकणारं घर मला तरी माहीत नाही.